अध्यक्षांचं वजन

वॉशिंग्टन,
९ मार्च

ती. आयडेलाताईस,
वेंडेलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वाळवलेल्या सफरचंदांचा डबा एकाच दिवशी पोचले. पत्र मी वाचलं, डबा कचेरीतल्या मुलींनी संपवला. मला चार फोडी मिळाल्या, त्याही दया म्हणून.

तू विचारलंस की व्हाइट हाउसात बसून मी नेमकं करतो काय, आणि हॉलिसदाजींना विचारलं तर ते नुसते हसतात. ते हसणारच, त्यांना माझं काम पक्कं ठाऊक आहे. अध्यक्षांना जे कायदे हवे असतात ते अध्यक्षांना करता येत नाहीत, ते करायचे दाजींसारख्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी. म्हणून मी त्या प्रतिनिधींच्या दाराशी जाऊन बसतो, त्यांच्या सेक्रेटरीणबाईंच्या आजारी मांजराची चौकशी करतो, आणि कोण आपल्या बाजूचा, कोण नाही, ते ब्रॅनिगनसाहेबांना येऊन सांगतो. ब्रॅनिगन म्हणजे अध्यक्षांचा उजवा हात. अध्यक्ष मला महिन्यातून एकदा भेटतात आणि दर वेळी वेन म्हणून हाक मारतात.

पण सध्या इथे दिवाळखोरालासुद्धा उधार मिळेल अशी हवा आहे. आखातात पकडलेली आपली बोट सुटली, खलाशी घरी आले, आणि अध्यक्ष मार्श यांना डोक्यावर घेऊन देश नाचतो आहे. आतली गोष्ट सांगायची तर ती सुटका निम्मी नशिबाने झाली. तिकडच्या सरकारात आपसात जुंपली आणि त्यांनाच ते खलाशी नकोसे झाले. पण गेल्या आठवड्याच्या पाहणीत दर शंभरातले चौऱ्याहत्तर लोक अध्यक्षांवर खूश निघाले. ब्रॅनिगन म्हणाले, लोखंड तापलंय, घाला घाव.

हा घाव म्हणजे इस्पितळांचा कायदा. ज्या तालुक्यांत इस्पितळ नाही तिथे ते बांधायचं आणि त्यासाठी सिगारेटच्या पाकिटामागे एक सेंट कर बसवायचा. हे आधी करसमितीत मंजूर व्हायला हवं. पंचवीस जणांची समिती, बारा आपल्या बाजूला, बारा विरुद्ध, आणि पंचविसावे आपले दाजी. तंबाखूच्या मुलखातून आलेले.

दाजींशी मी बोलेनच, तू मध्ये पडू नकोस. फक्त एवढं कळव, कार्व्हर्स फेरीत लोक अध्यक्षांबद्दल काय म्हणतात? गाव त्यांच्यावर खूश असेल तर दाजींना अवघड जाऊ नये, असा माझा हिशेब आहे.

लोभ तुझाच आहे, तो सफरचंदांसकट असाच येत राहो.

तुझा,
वेंडेल


कार्व्हर्स फेरी, केंटकी,
१७ मार्च

चि. वेंडेलला,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू हिशेबात लहानपणापासून कच्चा. मी शिकवायचे तेव्हा बेरीज बरोबर यायची, पण आकडेच चुकीचे मांडलेले असायचे. तेच आत्ताही करतो आहेस.

तू सांगितलंस म्हणून मी खरंच फिरले. आधी लुला मेच्या केसांच्या दुकानात गेले. तिने मार्शसाहेबांचा वर्तमानपत्रातला फोटो कापून आरशाच्या कोपऱ्यात खोचला आहे. म्हणाली, बाई, काय माणूस आहे, एकाही आईचा मुलगा गमावला नाही त्याने. तिथे बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी सहज विचारलं, की हॉलिसने त्यांच्या एखाद्या कायद्याच्या विरोधात मत दिलं तर तुम्ही हॉलिसवर रागवाल का? सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. लुला मे म्हणाली, कशाला रागावू, त्याचं काम त्याला कळतं. मग विचारलं, सिगारेटवर कर बसवायला हॉलिसने हात वर केला तर? तेव्हा मात्र तिने कात्री खाली ठेवली. म्हणाली, आयडेला, असं काही आहे का? माझ्या दोन्ही भावांच्या घरात तंबाखूशिवाय दुसरा पैसा येत नाही.

बघितलंस? फोटो आरशात आहे आणि मत तंबाखूच्या शेतात. आपल्याकडे लोक तुझ्या अध्यक्षांवर प्रेम करतात ते ऊन पडल्यावर आकाशावर करतात तसं. ते खोटं नसतं. पण उद्या त्या आकाशासाठी कोणी शेजाऱ्याशी भांडायला जात नाही.

चर्चच्या जेवणात रॉस्को पेटस भेटला. तंबाखूच्या लिलावाची मोठी वखार आहे ना, तो. घेवड्याची आमटी ओरपत म्हणाला की हॉलिस वॉशिंग्टनला गेल्यापासून आपल्याला विसरत चालला आहे असं लोक म्हणतात. लोक म्हणतात म्हणजे तो म्हणतो. त्याला हॉलिसची जागा हवी आहे, हे त्याच्या आमटीलाही माहीत आहे.

माझं मत मात्र विचारू नकोस. गेल्या महिन्यात नदीला पूर होता, होडी बंद होती आणि शेजारच्या अमोस डुलीला छातीत कळ आली. पलीकडे जाऊन इस्पितळ गाठायला एरवीच दीड तास लागतो. त्याला बैठकीवर आडवा करून आम्ही पूर ओसरायची वाट बघत बसलो. तो माझा हात धरून होता. पुढचं तुला माहीत आहे. मला इस्पितळ हवं आहे आणि मला हे घरही हवं आहे, आणि हे घर हॉलिसच्या निवडून येण्यावर उभं आहे. आता घाल बेरीज.

हॉलिसला बळेबळे जेवायला घेऊन जा. भाड्याच्या खोलीत तो डब्यातले मासे खाऊन राहतो.

आशीर्वाद आहेतच, थोडी अक्कलही पाठवते आहे.

तुझी,
आयडेलाताई


वॉशिंग्टन,
२४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा आकडा बरोबर निघाला. काल करसमितीत इस्पितळांचा कायदा एका मताने पडला. ते मत कोणाचं, हे लिहायची गरज नाही.

मला राग आहे त्याहून जास्त नवल वाटतं. ज्या दिवशी कायदा पडला त्याच दिवशी नवी पाहणी आली, अध्यक्ष शहात्तरावर! देशातली एवढी माणसं पाठीशी घेऊन फिरणारा माणूस एका खोलीतलं एक मत मिळवू शकत नाही, मग ती माणसं आहेत तरी कुठे?

आणि एकट्या प्रतिनिधींचंच असं नाही. गंमत सांगतो. अध्यक्षांच्या खिडकीसमोर बागेत एक हिरव्या पत्र्याचं कुंपण आहे, दुरुस्तीच्या वेळी घातलेलं. दुरुस्ती कधीच झाली. फेब्रुवारीत अध्यक्ष म्हणाले, हे काढा. अजून आहे. बाग एका खात्याची, कुंपण दुसऱ्याचं, आणि पत्रा तिसऱ्याने भाड्याने आणलेला. तिन्ही खात्यांनी हुकूम अगदी आदराने वाचला आणि एकमेकांकडे पाठवला. अध्यक्ष रोज सकाळी पडदा उघडतात आणि ते कुंपण बघून काहीतरी पुटपुटतात.

आता जे तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं ते लिहितो. मतदानाच्या आदल्या दिवशी ब्रॅनिगननी मला दाजींकडे पाठवलं होतं. कार्व्हर्स फेरीचा पूल या वर्षीच्या अंदाजपत्रकात आहे, तो राहीलच असं सांगता येत नाही, एवढंच बोलायला सांगितलं होतं. मी तेवढंच बोललो. दाजी खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, वेंडेल, हे तुझं बोलणं आहे की अध्यक्षांचं? मी म्हटलं, अध्यक्षांचं. तेव्हा ते म्हणाले, मग त्यांना सांग, निरोप पोचला.

आज सकाळी पूल यादीतून गेला. हे इथे असंच चालतं ताई, यात कोणाचा वैयक्तिक राग नसतो.

लोभ कमी झाला असेल तर तसं स्पष्ट लिही.

तुझा,
वेंडेल


कार्व्हर्स फेरी,
३० एप्रिल

वेंडेल,

वैयक्तिक राग नसतो, असं तू लिहितोस. अमोस डुली ज्या काठावर मेला त्या काठावरचा तो पूल होता. तुला पोहायला शिकवलं तेही त्याच काठावर, हॉलिसनेच.

तू म्हणालास, अध्यक्षांचं बोलणं आहे. तुझ्या अध्यक्षांना कार्व्हर्स फेरी कुठे आहे हे तरी माहीत आहे का? तू स्वतः त्यांच्या तोंडून हे ऐकलंस का? मला वाटत नाही. एका मोठ्या माणसाच्या नावाने तुम्ही लोक बोलता आणि मग त्याचं नाव स्वस्त होतं.

हॉलिसने मला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाला, पोराला पाठवलं होतं, पोराचा काय दोष. मी मात्र इतक्यात तसं म्हणणार नाही.

तब्येत सांभाळ.

आयडेला


वॉशिंग्टन,
१८ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू उन्हाळाभर लिहिलं नाहीस आणि मला लिहायला तोंड नव्हतं. पण दाजींनी परवा कॅपिटॉलच्या जिन्यावर मला थांबवून विचारलं, बहिणीला पत्र लिहायला टपाल खात्याची परवानगी लागते का? म्हणून लिहितो आहे.

तू विचारलं होतंस, ते मी शोधून काढलं. पुलाबद्दल अध्यक्षांना काहीच माहीत नव्हतं. ब्रॅनिगननी परस्पर ठरवलं होतं. मी जे अध्यक्षांचं बोलणं म्हणून दाजींना ऐकवलं ते अध्यक्षांचं नव्हतं. वाईट म्हणजे ही गोष्ट सगळ्या प्रतिनिधींना कळली. दोन गट पडलेत. एक म्हणतो, मार्श डूख धरतो. दुसरा म्हणतो, मार्शच्या घरात काय चाललंय ते मार्शलाच ठाऊक नाही. यातला दुसरा गट आम्हाला जास्त महागात पडतो आहे. माझ्याशी बोलताना आता प्रत्येक जण विचारतो, हे खरंच वरून आलंय का?

आणि लोकांचं तर विचारूच नकोस. शंभरातले एकतीस! कॉफीचा भाव दुप्पट झाला, मांस महागलं. कॉफीच्या मळ्यांवर दुसऱ्या खंडात हिमपात झाला, त्यात मार्शसाहेबांचा हात कसा असेल? पण रोज पोतं भरून पत्रं येतात आणि त्यात कॉफीबद्दल त्यांना शिव्या असतात. मार्चमध्ये जे काम नशिबाने झालं त्याचं श्रेय त्यांना मिळालं, आता जे दुर्दैवाने होतंय त्याचं खापरही त्यांच्याच डोक्यावर. मधल्या काळात माणूस तोच आहे. उलट मला तर तो आता जास्त बरा वाटतो. माझं नाव आता त्यांना बरोबर येतं, कारण कचेरीत येणारी माणसंच कमी झाली आहेत.

परवा ते मला म्हणाले, वेंडेल, मी लोकांना आवडत होतो तेव्हा मी त्यांच्याकडून काय मिळवलं रे? मग खिडकीकडे बघून म्हणाले, ते कुंपण मात्र निघालं. खरंच निघालं होतं, वादळात पडलं.

इस्पितळांचा कायदा ते पुन्हा आणायचं म्हणतात. ब्रॅनिगन म्हणतात, शहात्तरावर असताना जमलं नाही ते एकतिसावर काय जमणार. मला यातलं काही कळेनासं झालं आहे. तुला कळत असेल तर सांग.

मागचं पोटात घाल, एवढंच मागणं.

तुझा,
वेंडेल


कार्व्हर्स फेरी,
२ नोव्हेंबर

चि. वेंडेलला,
आशीर्वाद, पहिल्यासारखेच.

पोटात घातलं. जागा करावी लागली, पण घातलं.

लुला मेच्या आरशावरून फोटो गेला. आता तिथे केस रंगवायच्या नव्या औषधाचं चित्र आहे. मी विचारलं तर म्हणाली, अगं, कॉफी काय भाव झाली बघतेस ना. मी म्हटलं, त्याने काय केलं त्यात? म्हणाली, काही केलं नाही, तेच तर. आता यावर काय बोलायचं! पण तिचंही चुकलं असं मला वाटत नाही. ज्याला घरातला कर्ता म्हटलं त्याच्यावरच माणूस चिडतो, पाऊस थोडाच त्याच्या हातात असतो.

मला काय कळतं म्हणून विचारतोस. मी पंधरा वर्षं एका निवडून येणाऱ्या माणसाशी संसार केला आहे, तेवढंच कळतं. तुमची गाडी जोरात होती तेव्हा तुम्ही हॉलिसला एकदाही विचारलं नाही की तुझी अडचण काय. तुम्ही त्याला सांगत होता की आमच्या मागे किती लोक आहेत. त्याच्या मागे किती आहेत आणि ते कोण आहेत, ते त्याला तोंडपाठ आहे. तो त्यांच्या लग्नांना जातो, त्यांना पुरायला जातो. कर त्याला नको असं नाही. तंबाखूचा भाव पडला तर लहान शेतकरी मरेल, ही त्याची भीती आहे, आणि ती खरी आहे. तेवढं कोणीतरी ऐकून घ्या.

तर तुझ्या अध्यक्षांना सांग, हॉलिसला बोलवा आणि काही मागू नका. कॉफी पाजा, महाग असली तरी. आता त्यांना कोणी भीत नाही ना, मग आता माणसं त्यांच्याशी खरं बोलतील.

आणि हॉलिसला खोकला आहे. लोकरीचा गळपट्टा पाठवते आहे, तुझ्या हातून गेला तर घालेल. माझ्या हातचा घालत नाही.

माया आहेच, मोजत बसू नकोस.

तुझी,
आयडेलाताई


वॉशिंग्टन,
२१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गळपट्टा दाजींनी घातला आणि तो घालूनच ते अध्यक्षांना भेटायला गेले. तुझा निरोप मी जसाच्या तसा सांगितला होता, फक्त तुझं नाव न घेता. अध्यक्ष म्हणाले, ही तुझी अक्कल नाही, कोणाची आहे? मग सांगावं लागलं.

भेट एक तास ठरली होती, ती तीन तास चालली. खोलीत मी आणि ब्रॅनिगन कोपऱ्यात बसलो होतो. अध्यक्षांनी पहिली गोष्ट काय केली सांगू? ते दाजींना म्हणाले, क्राउडर, तुमचा पूल माझ्या नावाने काढला गेला. मला माहीत नव्हतं, पण माहीत नसणं हीसुद्धा माझीच चूक. आज सकाळी तो परत यादीत घातला आहे. त्याचा या भेटीशी संबंध नाही, तुम्ही आत्ता उठून गेलात तरी पूल होईल. ब्रॅनिगनांचा चेहरा असा झाला जणू कोणी त्यांचा दात काढला. नंतर बाहेर येऊन मला म्हणाले, हातात एकच पत्ता होता, तोही म्हाताऱ्याने फुकट टाकला.

मग दाजींनी तंबाखू सांगायला सुरुवात केली. रोप कधी लावतात, पानं कोठारात कशी टांगतात, लिलावात एका सकाळी वर्षाचं नशीब कसं ठरतं. अध्यक्ष मधूनमधून विचारत होते. पान ओलं राहिलं तर काय होतं? लिलावात बोली कोण लावतो? सगळे एकाच कंपनीचे निघाले तर? मी त्या माणसाला इतकं कान देऊन ऐकताना कधी पाहिलं नव्हतं. मार्चमध्ये त्यांना वेळ नव्हता, तेव्हा सगळे त्यांचं ऐकायला येत होते. मग दाजींनी स्वतःहून अमोस डुलीचं सांगितलं. ते सांगताना त्यांनी गळपट्टा काढून हातात धरला होता.

शेवटी दाजी म्हणाले, कर अर्धा सेंट करा, उरलेले पैसे दुसरीकडून आणा, आणि लहान शेतकऱ्याचा हमीभाव याच कायद्यात लिहा. मग मी माझं मत देतो, आणखी दोन आणतो. अध्यक्ष म्हणाले, कबूल. दाजी म्हणाले, अजून एक अट आहे, जरा कडू आहे. या कायद्याबद्दल तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही. तुमचं नाव लागलं तर आमच्याकडे तो बुडेल. अध्यक्ष हसले. म्हणाले, क्राउडर, आजवर लोक माझ्याकडे माझा आवाज मागायला यायचे, गप्प बसायला सांगणारे तुम्ही पहिले. तेही कबूल.

पुलाची गोष्ट पुन्हा सगळीकडे पसरली आहे, या वेळी दुसऱ्या बाजूने. काल एका प्रतिनिधीने मला आपणहून चहाला बोलावलं. म्हणाला, मार्श शब्द पाळतो म्हणतात, खरं का? मी खरंच म्हणून सांगितलं, आणि या वेळी मला ते ठाऊक होतं.

ताई, दाजींना मे महिन्यात पक्षातली उमेदवारीची निवडणूक आहे, ती हरले तर जागाच गेली. पेटस उभा राहतो म्हणतात. मला भीती वाटते. तुला वाटत नाही का?

ओढ आहेच, तिच्यात आता काळजीचीही भर पडली आहे.

तुझा,
वेंडेल


कार्व्हर्स फेरी,
२९ मे

चि. वेंडेलला,
अनेक आशीर्वाद.

तू तारेत लिहिलंस की फार वाईट वाटतं. वाटू दे, पण रडारड नको. आम्ही हरलो, मेलो नाही.

कायदा मार्चमध्ये झाला तेव्हाच हे होणार ते मला कळलं होतं. पेटसने गावोगाव एकच वाक्य फिरवलं: हॉलिसने तुमच्या पानावर कर बसवला. हमीभावाचं कोणी ऐकेना, कारण तो भाव पडल्यावर कामाला येणार आणि कर आत्ता बसणार. हॉलिस प्रत्येक कोठारात जाऊन सांगत होता. लोक ऐकून घ्यायचे, पाणी द्यायचे, पोरांची चौकशी करायचे आणि डोळे चुकवायचे. शेवटच्या आठवड्यात मी त्याला म्हटलं, की बाबा, एकदा तरी म्हण की तुझा नाइलाज झाला, अध्यक्षांनी भाग पाडलं. मार्शला शिव्या दिल्या तर इथे अजून टाळ्या पडतात. तो म्हणाला, त्यांनी भाग पाडलं नाही आयडेला, तीच तर पंचाईत आहे. भाग पाडलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी घरी फोन वाजला. मी पिठाच्या हातांनी उचलला. पलीकडून कोणी बाई म्हणाली, अध्यक्ष बोलणार आहेत. मला वाटलं तूच काहीतरी थट्टा करतोस. हॉलिसला हाक मारली. तो फक्त हो, नाही, असू दे साहेब, एवढंच बोलत होता. पण तुला आपली फोनची तार माहीत आहे, एकीवर सहा घरं. लुला मेने सगळं ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की देशाच्या अध्यक्षांनी हॉलिस क्राउडरला फोन करून माफी मागितली. काल बाजारात लोक त्याच्याशी हात मिळवायला रांगेत उभे होते. लुला मे म्हणाली, हे आधी कळलं असतं तर मी त्यालाच मत दिलं असतं. तुझ्या अध्यक्षांचं वजन आमच्याकडे कामाला आलं, पण मतपेट्या बंद झाल्यावर.

मला एक कुतूहल आहे, तुलाच विचारते. शहात्तर माणसं मागे असताना जे झालं नाही ते एकतीस मागे असताना झालं, आणि ज्याने केलं त्याची जागा गेली. मग याला यश म्हणायचं का, आणि कोणाचं?

हॉलिस डब्यातल्या माशांना सोडून घरचं जेवतो आहे. दोन पौंड वजन वाढलं आहे. ते त्याचं, अध्यक्षांचं नव्हे.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
आयडेलाताई


कार्व्हर्स फेरी,
३ सप्टेंबर, तीन वर्षांनंतर

चि. वेंडेलला,
आशीर्वाद.

इस्पितळ उघडलं. मार्शसाहेब निवडणूक हरून वर्ष होत आलं, तेव्हा दारावरच्या पितळी पाटीवर नव्या अध्यक्षांचं नाव आहे आणि खाली आपले प्रतिनिधी रॉस्को पेटस यांचं. पेटसने फीत कापली, भाषण केलं. म्हणाला, या इस्पितळासाठी मी रक्त आटवलं. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. मला इतका राग आला की टोपीची पिन वाकली. हॉलिस पाटी वाचून म्हणाला, अक्षर छान काढलंय.

पण गोष्ट पुढेच आहे. गेल्या मंगळवारी पेटसला वखारीतच झटका आला. दहा मिनिटांत त्याला तिथे नेलं. वाचला. डॉक्टर म्हणाले, नदीपलीकडे न्यावं लागलं असतं तर पूल असूनही उशीर झाला असता. हॉलिस त्याला बघायला गेला, मीही गेले. पेटस उशीवर पांढराफटक पडला होता. हॉलिसचा हात धरून म्हणाला, हॉलिस, हे इस्पितळ व्हावं म्हणून मी फार झगडलो रे. आणि वेंडेल, तो खोटं बोलत नव्हता. इतक्या वेळा सांगून त्याला ते खरंच वाटायला लागलं आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात हॉलिस म्हणाला, हो रॉस्को, मी पाहिलंय, आता पड.

घरी येताना मी विचारलं, का नाही सांगितलंस? तो म्हणाला, त्याला आता इस्पितळ स्वतःचं वाटतं, तर ते बंद पडू देणार नाही. मला निवृत्त झाल्यावर ते सांभाळायला याहून चांगला माणूस कुठे मिळाला असता?

तू मार्शसाहेबांना भेटायला जाणार आहेस असं लिहिलं होतंस. गेलास तर त्यांना हे सगळं सांग. पाटीचंही सांग. लपवू नकोस.

थंडी पडायच्या आत एकदा येऊन जा.

तुझी,
आयडेलाताई


कॉनकॉर्ड, न्यू हॅम्पशायर,
१४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल जाऊन आलो. मार्शसाहेब एका साध्या लाकडी घरात राहतात, मागे टोमॅटो लावले आहेत. मी गेलो तेव्हा एक शेजारी त्यांच्याशी कुत्र्याच्या भुंकण्यावरून वाद घालत होता आणि ते वाद हरत होते. मला बघून म्हणाले, ये वेंडेल, ही बाब माझ्या अधिकारात बसत नाही.

मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. पाटीचं आलं तेव्हा मी जरा अडखळलो. त्यांनी हातानेच पुढे वाच म्हणून खुणावलं. पेटसचं ऐकून मोठ्याने हसले, मग डोळे पुसले. मी त्यांना तुझा तो जुना प्रश्न विचारला, की याला यश म्हणायचं का आणि कोणाचं. तुला मी त्याचं उत्तर कधी दिलं नव्हतं, कारण मला येत नव्हतं. ते बराच वेळ टोमॅटोंची वाळकी पानं खुडत राहिले. म्हणाले, मी चार वर्षं त्या खुर्चीत बसलो. माझ्या हुकमाने जेवढं झालं ते बहुतेक पुढच्या माणसाच्या हुकमाने पुसलं गेलं. जे दुसऱ्याला स्वतःचं वाटलं तेवढंच उरलं. मग थांबून म्हणाले, हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. शहात्तर माणसं फार आवाज करतात.

मला वाटलं आता ते दाजींचं विचारतील, किंवा लोक त्यांच्याबद्दल काय म्हणतात ते विचारतील. निघताना फाटकापर्यंत आले. तिथे त्यांनी एकच विचारलं, ते इस्पितळ रात्रीही उघडं असतं का, म्हणजे तिथे डॉक्टर मुक्कामाला असतो का? कायद्यात तसं लिहिलं होतं, पण लिहिलेलं आणि घडलेलं यात फरक असतो, हे ते आता जाणतात.

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ताईला विचारून कळवतो.

तेव्हा एवढं जाऊन बघून ये आणि उलट टपाली लिही. ते वाट बघत आहेत. मीही.

तुझ्या मायेचा कायमचा मतदार,
वेंडेल